इंजिन चालू, जीप जागेवर : जुन्या फोर व्हील जीपमधला बिघाड कसा शोधायचा?



आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. एक जुनी फोर व्हील ड्राईव्ह जीप आहे. सेल्फ मारला की इंजिन लगेच सुरू होतं. आवाज खणखणीत, धूरही जास्त नाही. पहिला गिअर नीट पडतो. पण क्लच सोडला तरी जीप जागची हलत नाही. बिघाड कुठे असेल?

सहावी-सातवीच्या मुलांना हे विचारून बघा. "डिझेल संपलं," "गिअरबॉक्स गेला," "ब्रेक जाम झाला," अशी उत्तरं धडाधड येतात. आमच्या शाहूपुरीत गॅरेज आणि स्पेअर पार्टच्या दुकानांना तोटा नाही, त्यामुळे एखादा पोरगा ऐटीत सांगतो, "सर, क्लचप्लेट बसली." यातलं एखादं उत्तर बरोबरही निघेल. पण ते सगळे अंदाज आहेत. डिझेल संपलं असतं तर इंजिन सुरूच राहिलं नसतं, एवढा विचारसुद्धा उत्तर देताना होत नाही. गंमत म्हणजे मोठी माणसंही हेच करतात. गाडी हलेना, की कुणीतरी सांगतं "गिअरबॉक्स खोला", आणि खर्चाला सुरुवात होते.

खरं तर नट-बोल्टला पाना लावण्याआधीच या कोड्याचं निम्मं-अधिक उत्तर मिळतं. त्यासाठी इंजिनाची ताकद चाकापर्यंत कोणत्या वाटेने जाते तेवढं ठाऊक पाहिजे. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो : ही वाट तुटली तर जीप फक्त चालायची बंद होत नाही, ती उतारावर उभी राहायचीही बंद होऊ शकते. मुलांना ने-आण करणाऱ्या जुन्या जीप आपल्या डोंगरी भागात अजून आहेत, म्हणून हा लेख पालकांसाठीही आहे.

ताकदीची वाट

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महिंद्रा कंपनीने मुंबईत माझगावला अमेरिकन विलीज जीपची जोडणी सुरू केली. पुढे सीजे-३बी, नंतर १९८०च्या दशकात प्यूजो डिझेल इंजिनाची एमएम-५४० अशा गाड्या आल्या. राधानगरी, भुदरगड, गगनबावड्याच्या पावसात आणि उसाच्या चिखलात या गाड्यांनी काय कष्ट उपसलेत ते तिकडच्या लोकांना विचारा. त्यांची मूळ रचना १९४१ पासूनच्या युद्धकाळातल्या जीपचीच. म्हणून एक जीप समजली की त्या घराण्यातल्या बहुतेक समजतात.

वाट अशी आहे. इंजिनातून ताकद क्लचमध्ये येते, तिथून गिअरबॉक्समध्ये. साध्या गाडीत ती पुढे थेट चाकांकडे जाते. फोर व्हील जीपमध्ये मात्र गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक डबा जोडलेला असतो, त्याला ट्रान्सफर केस म्हणतात. हा डबा म्हणजे तिठा. इथून एक लांब दांडा मागच्या चाकांकडे जातो आणि एक पुढच्या. हे दांडे म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. रस्त्याच्या खड्ड्यांत चाकं वर-खाली होतात, म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना वळू शकणारे सांधे असतात, त्यांना मेस्त्री 'क्रॉस' म्हणतात. शाफ्ट डिफरन्शियलमध्ये शिरतो (बोली भाषेत 'डिफ'). तिथे छोटा पिनिअन मोठ्या क्राऊन गिअरला फिरवतो, आणि डावा-उजवा एक्सल चाक फिरवतो.

गिअरच्या दांड्याशेजारी जे एक-दोन छोटे दांडे दिसतात ते ट्रान्सफर केसचे. एकाने पुढची चाकं जोडली किंवा सोडली जातात. दुसऱ्याने हाय, न्यूट्रल आणि लो निवडता येतं. लो म्हणजे वेग कमी आणि जोर साधारण अडीचपट.

फळ्यावर हे सगळं एका ओळीत काढा : इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, शाफ्ट, डिफ, एक्सल, चाक. आठ चौकटी. आता कोडं वेगळं दिसायला लागतं. "काय बिघडलं?" हा प्रश्न बाजूला राहतो आणि "ताकद कुठपर्यंत पोचते?" हा प्रश्न समोर येतो.

पाना न लावता

एक ते शंभरमधला मनातला आकडा ओळखायचा खेळ आपण मुलांशी खेळतो. हुशार मूल "सात आहे का? बारा आहे का?" विचारत बसत नाही. ते विचारतं, "पन्नासपेक्षा मोठा आहे का?" जीपलाही असेच प्रश्न विचारायचे.

माझ्या मामांची राधानगरीकडे शेतावर अशीच जुनी जीप आहे. पावसाळ्यात वाडीवरची चार-पाच पोरं तिच्यातूनच शाळेला जातात. मागच्या जुलैत ती बांधावर चढताना 'काड्' असा आवाज झाला आणि आपल्या कोड्यातल्यासारखी थांबली. एका ठिकाणी फोनवरच सांगितलं गेलं की गिअरबॉक्स उतरवावा लागेल. मामा वैतागले. मग आम्ही उद्यमनगरातल्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींना फोन लावला. त्यांनी गाडी न बघता चार प्रश्न विचारले. ते प्रश्न म्हणजे अक्षरशः एक पाठच आहे.

पहिला प्रश्न : "सर, गाडी हलत न्हाई म्हंजे नेमकं काय हुतंय? क्लच सोडला की इंजिन दबतंय, का मोकळंच फिरतंय?" इंजिन दबून बंद पडत असेल तर ताकद पोचतेय, पण पुढे काहीतरी अडकलंय : ब्रेक जाम, बेअरिंग जाम, किंवा डिफमध्ये दाताचा तुकडा अडकलेला. इंजिन मोकळं फिरत असेल तर वाटेत कुठेतरी तुटलंय किंवा घसरतंय. मामांच्या जीपचं इंजिन मोकळं फिरत होतं.

दुसरा प्रश्न : "बारका दांडा न्यूट्रलला तर आला न्हाई?" हसू नका. खड्ड्यात दणका बसून किंवा कुणाचा पाय लागून ट्रान्सफर केसचा दांडा न्यूट्रलवर येतो, आणि मग गिअर कुठलाही टाका, ताकद तिठ्यावरच थांबते. फुकटात दुरुस्त होणारा हा एकमेव बिघाड, म्हणून तो आधी बघायचा. दांडा जागेवर होता.

तिसरा : "स्पीडचा काटा हलतोय का?" हा प्रश्न मला फार आवडला. या जीपमध्ये स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाशी जोडलेली असते. जीप उभी आहे आणि काटा हलतोय, याचा अर्थ इंजिन, क्लच, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचा मागचा मार्ग ठीक आहे. एका काट्याने चार चौकटी पुसल्या! अर्थात जुन्या जीपचा काटा चालू असणं हेच मोठं नवल. मामांचा बंद होता. अशा वेळी बाजूला लांब उभं राहून मागचा शाफ्ट फिरतो का ते बघायचं. गाडीखाली वाकायचं नाही, चाकांना दगड लावल्याशिवाय हे करायचं नाही, आणि साडीचा पदर, ओढणी, गळ्यातला टॉवेल जवळ येता कामा नये. मुलांना तर हे करायला सांगूच नका. मामांचा शाफ्ट फिरत होता, चाक नाही.

चौथा : "फोर व्हील लावून बघितली का?" लावली, आणि जीप पुढच्या चाकांवर सरकली. आता शंकाच उरली नाही. तिठ्यापर्यंत सगळं शाबूत, पुढची वाट शाबूत, मागचा शाफ्टही फिरतोय. म्हणजे बिघाड मागच्या डिफमध्ये किंवा एक्सलमध्ये. ज्या गिअरबॉक्सला उतरवायचं ठरत होतं, त्याचा दोष नव्हता. (काही जीपच्या पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे लॉकिंग हब असतात. ते 'फ्री'वर असतील तर पुढची चाकं ओढणारच नाहीत आणि ही परीक्षा फसवी ठरेल.)

मेस्त्रींनी एक ताकीदही दिली : फक्त सपाट जागेपर्यंत घ्या, पुढे चालवू नका. काही रचनांमध्ये चाक एक्सलच्याच आधाराने बसलेलं असतं. एक्सल तुटला असेल तर चाक बाहेर निघून येऊ शकतं.

एक एक्सल तुटला तर दुसरं चाक का ओढत नाही?

मागे चाकं दोन, एक्सल दोन. तुटला एकच. मग दुसऱ्याने गाडी ओढायला काय हरकत आहे? हा प्रश्न वर्गात हमखास येतो, आणि त्याचं उत्तर फूटपट्टीने दाखवता येतं.

बाकावर दोन सारखी पुस्तकं थोडं अंतर ठेवून ठेवा. मागून फूटपट्टी आडवी लावा, तिचं एक टोक एका पुस्तकाला, दुसरं दुसऱ्याला. पट्टीच्या बरोबर मध्यावर बोटाने ढकला. दोन्ही पुस्तकं सरकतात. आता एक पुस्तक काढून घ्या आणि पुन्हा मध्यावर ढकला. उरलेलं पुस्तक जागेवरच राहतं, पट्टी मोकळ्या बाजूला गरकन फिरते. डिफचं काम या पट्टीसारखंच आहे. वळणावर आतलं चाक कमी आणि बाहेरचं जास्त फिरावं म्हणून ते बनवलंय. पण एका बाजूला रोधच उरला नाही, तर सगळी फिरकी तिकडेच वाया जाते. चिखलात एक चाक गरगर फिरतं आणि दुसरं ढिम्म राहतं, तेही याच कारणाने.

हँडब्रेकचा धोका

सायकलची चेन पडली तर पेडल मोकळं फिरतं, पण ब्रेक लागतो, कारण ब्रेक चाकाच्या रिमवर आहे. हल्लीच्या गाड्यांचा हँडब्रेकही बहुतेक मागच्या चाकांवरच असतो. बऱ्याच जुन्या जीपमध्ये मात्र हँडब्रेकचा ड्रम चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाशी, प्रोपेलर शाफ्टवर असतो. म्हणजे चेनवर ब्रेक लावल्यासारखं!

आता विचार करा. मागचा शाफ्ट किंवा त्याचा क्रॉस तुटला, तर हँडब्रेक ओढूनही चाकं मोकळीच. एक एक्सल तुटला तरी तेच : ड्रम शाफ्टला धरून ठेवतो, पण डिफमुळे शाबूत चाक पुढे फिरतं आणि तुटलेला तुकडा आतल्या आत उलटा फिरतो. गिअरमध्ये गाडी उभी केली म्हणून भागत नाही, कारण गिअरबॉक्सही याच वाटेने चाकाला धरतो. पायातला ब्रेक चारही चाकांवर वेगळा असतो, तो लागतो. पण ड्रायव्हर खाली उतरला की तो सुटला.

याहून फसवी गोष्ट जॅकची. गाडीत काहीही तुटलेलं नाही, फक्त पंक्चर काढायला मागचं एक चाक जॅकवर उचललंय, हँडब्रेक ओढलेला आहे. तरीही जमिनीवरचं चाक फिरू शकतं, कारण उचललेलं चाक उलट्या दिशेला मोकळं फिरतं. जीप जॅकवरून घसरते ती अशी. म्हणून करूळ घाटात किंवा गगनबावड्याच्या उतारावर जुने ड्रायव्हर आधी दगड शोधतात आणि मग जॅक काढतात. पालकांनी मुलांच्या गाडीच्या ड्रायव्हरला एवढं जरूर विचारावं : "दादा, हँडब्रेक चाकावर आहे की शाफ्टवर? चाकाला लावायला लाकडी ठोकळे आहेत का गाडीत?" आणि मुलांना उभ्या जीपच्या उताराकडच्या बाजूला थांबू देऊ नका.

आवाजावरून ओळख

सगळेच बिघाड 'काड्' करून येत नाहीत. बरेचसे महिनोन्‌महिने आवाज देत असतात. आवाज कसला आहे यापेक्षा तो कधी बदलतो याकडे लक्ष द्या.

गाडी सुटताना किंवा पुढून मागे गिअर बदलताना एकदाच 'टक्' वाजत असेल तर क्रॉसवर संशय घ्या. अगदी सावकाश चालताना चिमणीसारखी 'चिक-चिक' येत असेल तर क्रॉसमधल्या बारीक सुया ग्रीसविना कोरड्या झाल्यात. हा सगळ्यात स्वस्त इशारा आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. ॲक्सिलरेटर दाबला की घुरघुर आणि सोडला की वेगळा सूर, असं असेल तर क्राऊन-पिनिअन. वेगाबरोबर वाढणारी पण ॲक्सिलरेटरला न जुमानणारी आणि वळणावर कमी-जास्त होणारी घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची. खालच्या गिअरमध्ये आवाज आणि टॉपमध्ये शांत, तर तो गिअरबॉक्सचा, कारण जुन्या चार-गिअरच्या डब्यात टॉपला ताकद सरळ जाते, बाजूच्या दातांवर भार येत नाही. याउलट या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये ताकद कायमच मधल्या गिअरवरून जाते, त्यामुळे तिथली झीज सगळ्याच गिअरमध्ये ऐकू येते.

मुळात एक्सल तुटला का?

मेस्त्रींनी एक्सल बाहेर काढला आणि तुटलेलं तोंड आम्हाला दाखवलं. निम्म्या भागात काळपट, शंखावर असतात तशा रेषा होत्या. उरलेला भाग चमकदार, खरबरीत. "काळं हाय ते जुनं, चमकतंय ते परवाचं," ते म्हणाले. म्हणजे भेग आधीपासून वाढत होती. बांध हे निमित्त झालं.

भेग कशाने पडली? मामांची सवय बाहेर आली. चिखलातून वर आल्यावर ते फोर व्हील काढतच नव्हते, कारखान्यापर्यंत डांबरी रस्त्याने तसेच जायचे.

या जीपमध्ये फोर व्हील लावली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात, दोघांना सारखंच फिरावं लागतं. पण वळणावर पुढची चाकं मोठ्या वर्तुळातून जातात. हे गणित मुलांकडून मैदानावर खडूने करून घ्या. समजा मागच्या एक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांत २.३ मीटर अंतर आहे. पायथागोरसच्या प्रमेयाने पुढची त्रिज्या साधारण ५.५ मीटर येते. पूर्ण वर्तुळात मागचा एक्सल ३१.४ मीटर चालतो, पुढचा सुमारे ३४.६ मीटर. फरक तीन मीटरच्या वर. चाकाचा परीघ २.२ मीटर धरला तर पुढच्या चाकांना जवळपास दीड फेरा जास्त हवा, आणि तो त्यांना मिळत नाही. चिखलात चाक घसरून हा हिशोब मिटवतं. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही, मग पीळ शाफ्ट, क्रॉस आणि एक्सलमध्ये साठतो. स्टिअरिंग जड होतं, ब्रेक लागल्यासारखी गाडी ओढते, दांडा फोर व्हीलमधून निघता निघत नाही. तेव्हा दांड्याशी कुस्ती करू नये. गाडी थोडी सरळ मागे घ्यावी, पीळ सुटतो आणि दांडा आपोआप निघतो.

पुढे नवे टायर आणि मागे गुळगुळीत झालेले, असं असेल तर हा पीळ सरळ रस्त्यावरही बसतो. तिसरं कारण भंगारातून आणलेल्या डिफचं. विलीज घराण्यात क्राऊन-पिनिअनची ४.८८ आणि ५.३८ अशी वेगवेगळी प्रमाणं आहेत. ५.३८ म्हणजे क्राऊनला ४३ दात आणि पिनिअनला ८ (अपूर्णांकाच्या तासाला याहून चांगलं उदाहरण कुठलं?). पुढे एक आणि मागे दुसरं बसलं, तर फोर व्हील लावताच जीप स्वतःशीच भांडायला लागते.

दुरुस्ती

नवा एक्सल टाकणं हा सोपा भाग. आधी डिफमधलं ऑईल काढून बघतात. राखाडी बारीक चिखलासारखा गाळ नेहमीचा, पण चकाकणारे कण किंवा दाताचा तुकडा निघाला तर डिफ पूर्ण उघडावाच लागतो. ऑईल दुधाळ दिसलं तर ओढ्याचं पाणी शिरलंय. एक्सलचा आत अडकलेला तुकडा काढून पोकळी धुतल्याशिवाय नवा एक्सल घालायचा नाही, नाहीतर तोच चुरा बेअरिंग खातो. ऑईल सीलही नवं टाकतात. क्राऊन-पिनिअन बदलायचे असतील तर जोडीनेच बदलायचे, आणि दातांना रंग लावून ते एकमेकांना मध्यावर टेकतात का ते पडताळायचं. इथे घाई करणाऱ्याकडे काम देऊ नका. शाफ्ट उतरवण्याआधी दोन्ही जोडांवर खुणा कराव्यात. उलटसुलट बसला तर गाडी थरथरते, आणि नवा आजार शोधत बसावं लागतं.

मामांच्या जीपला एक एक्सल, एक सील, एक क्रॉस, नव्वद नंबरचं ऑईल आणि मागचे दोन टायर लागले.

मुलांना विचारायचे प्रश्न

१. जीप न हलता स्पीडोमीटरचा काटा हलतोय. आठ चौकटींपैकी कोणत्या चार पुसता येतील?

२. ट्रान्सफर केसचा दांडा न्यूट्रलला आहे आणि जीप पहिल्या गिअरमध्ये उतारावर उभी केली आहे. गिअर तिला धरून ठेवेल का? शाफ्टवरचा हँडब्रेक धरून ठेवेल का? (दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. ड्रम न्यूट्रलच्या अलीकडे आहे की पलीकडे ते चित्रात बघा.)

३. मागचा प्रोपेलर शाफ्ट तुटला आहे, पण फोर व्हील लागलेली आहे आणि पुढचे हब लॉक आहेत. हँडब्रेक ओढला तर जीप थांबेल का? बहुतेक मुलं घाईने "नाही" म्हणतात. त्यांना तिठ्यापासून पुढच्या चाकापर्यंत बोट फिरवायला सांगा.